वांगावर क्रीम लावण्याआधी

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं, म्हणजे काळपट डाग. डिचोली ते पणजी रोज स्कूटर, हेल्मेटची काच कायम वर, आणि सनस्क्रीन म्हणजे किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांची वस्तू असा पक्का समज. वयनीनं तिच्या ओळखीच्या फार्मसीतून एक ट्यूब आणून दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की चवथीला माहेरी गेले तर आईनंच विचारलं, "काय लावतेस गो?" दोन महिन्यांनी त्याच चेहऱ्यावर लाली, बारीक पुरळ, हनुवटीवर लव. ट्यूब दोन दिवस बंद केली की गाल भाजल्यासारखे व्हायचे. वांग तर पहिल्यापेक्षा गडद. ते निस्तरण्यात सव्वा वर्ष गेलं.

त्या सव्वा वर्षात मी सगळं उलट्या क्रमानं शिकले: आधी क्रीम, मग दुष्परिणाम, मग डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी त्वचा काळी पडते कशी हे. इथे ते सुलट्या क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. 'उजळणं' हा शब्दही डाग उतरून चेहरा एकसारखा दिसण्यापुरताच वापरते. जन्माचा रंग बदलून देणारं सुरक्षित क्रीम नसतं. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं, तरी काउंटरवर मागणी अजून 'फेअरनेस'चीच होते, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

१. डाग कसला आहे ते ओळखा

वांग बहुधा दोन्ही बाजूंना जोडीनं येतं: गाल, कपाळ, नाकाचा दांडा, वरच्या ओठावर मिशीसारखी सावली. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातली प्रवृत्ती आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणं. चुलीची किंवा भट्टीची धग रोज तोंडावर घेणाऱ्यांनाही ते छळतं.

दुसरा प्रकार म्हणजे जखमेमागून उरणारा डाग. मुरूम फोडलं, चटका बसला, डास चावून खाजवलं. आपल्याकडे काजूच्या दिवसांत ओल्या बिया सोलताना सालीतलं तेल बोटांना, गालाला लागतं, कातडी भाजते आणि मागे काळा ठसा राहतो. असे डाग त्या जागेला पुन्हा डिवचलं नाही तर काही महिन्यांत बरेचसे आपोआप फिके होतात. त्यावर घाईनं जहाल क्रीम लावलं की पुन्हा दाह होतो आणि दाहामागून पुन्हा डाग.

तिसरा प्रकार बहुतेकांना माहीत नसतो. मानेवर, काखेत जाडसर, मखमलीसारखी काळी त्वचा दिसली तर ती मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. घासून आणि क्रीम चोळून काही होत नाही, रक्तातली साखर तपासून घ्या. आणि एखादा तीळ वाढतोय, आकार बदलतोय, त्यातून रक्त येतंय असं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

२. त्वचा काळी पडते कशी, हे सुंगटांकडून समजून घ्या

बाजारातून आणलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, बर्फाशिवाय तासभर विसरली की डोक्याकडून काळी पडायला लागतात. नीरफणसाचे काप पाण्यात न घालता ठेवले, वांगं चिरून ठेवलं, की ते तपकिरी होतात. या सगळ्यामागे एकाच कुळातली विकरं आहेत, म्हणजे एन्झाइम. त्यांच्या पोटात तांबं असतं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की ती रंगद्रव्य बनवायला घेतात. सुंगटांवरचं ते काळं म्हणजे मेलॅनिनच.

आपल्या त्वचेतलं विकर आहे टायरोसिनेज. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. ऊन, दाह किंवा संप्रेरकांचा निरोप आला की त्या टायरोसिनेजकरवी टायरोसिन या अमिनो आम्लापासून पायरीपायरीनं मेलॅनिन बनवतात, बारीक पुड्यांत भरतात आणि आजूबाजूच्या साध्या पेशींना वाटतात. एक मेलॅनोसाइट साधारण ३६ पेशींना माल पुरवते. त्या पेशी रंग घेऊन वर सरकत जातात आणि शेवटी झडतात. तरुण त्वचेत या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात, वय वाढलं की आणखी.

म्हणजे अडवण्याच्या जागा चार: वरून येणारा हुकूम, कारखाना, वाटप आणि झड. उजळवणारा प्रत्येक घटक यांतल्या एकदोन ठिकाणी काम करतो. बनलेला डाग खोडरबरासारखा पुसणारं यात काही नाही. नवा रंग कमी बनला की जुना आपल्या गतीनं झडतो. म्हणून चांगलं क्रीमसुद्धा आठ ते बारा आठवड्यांआधी फरक दाखवत नाही, आणि आठवड्यात 'फरक' दाखवणाऱ्या क्रीमकडे संशयानं बघायचं. काही जणांत रंग खालच्या थरात उतरलेला असतो. तो डाग राखाडी-निळसर दिसतो, क्रीम तिथवर नीट पोचत नाहीत, आणि तिथे अपेक्षा कमीच ठेवावी लागते.

३. सामान जमवा

फार काही लागत नाही. साधा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि चार क्रमांकात सांगितलेला एक महिना उलटल्यावर उजळवणारा एकच घटक. याखेरीज:

– एक वही: कुठलं क्रीम कुठल्या तारखेला सुरू केलं, कधी जळजळलं.
– दर दोन आठवड्यांनी एक फोटो, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, तोंडाला काहीही न लावता. आरशावर भरवसा ठेवू नका, आरसा मूडप्रमाणे बोलतो.
– आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या, संपलेल्यासुद्धा. त्यांचं काम शेवटी आहे.

नारळाची शेंडी, खरखरीत स्क्रब, दाणेदार उटणं हे सगळं चेहऱ्यापासून दूर ठेवा. रोजच्या घासण्यानंही त्वचा काळी पडते.

४. पहिला महिना फक्त सनस्क्रीन

हुकूमच थांबला नाही तर खाली कारखान्याला कितीही कुलपं घाला, उपयोग नाही. कमीत कमी एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३०, सोबत 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीएपुढे तीन-चार अधिक चिन्हं बघा. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. काळं करणारे यूव्हीए ढगातून येतात आणि गाडीच्या बाजूच्या काचेतूनही, त्यांच्यासाठी ती अधिक चिन्हं. जून-जुलैत आभाळ भरलेलं असतं म्हणून मी सनस्क्रीन बंद करायचे. वहीत लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं की ऑगस्टमध्ये डाग मेपेक्षा फारसा उतरलेला नसायचा.

किती लावायचं? तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. मी आधी वाटाण्याएवढं लावत होते, म्हणजे पाकिटावरचा आकडा मला कधी मिळालाच नव्हता. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यात उतरलात किंवा घाम आला तर त्याआधीही.

वांगवाल्यांना एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. सावळ्या त्वचेवर साधा दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन लागतं. घटकांच्या यादीत हे नाव शोधा. आपल्या दमट हवेत जाड क्रीम घामासोबत डोळ्यांत उतरतं, तेव्हा जेल किंवा पातळ लोशन घ्या, आणि घाम रुमालानं टिपा, पुसू नका. स्कार्फ, टोपी, हेल्मेटची खाली ओढलेली काच हे सगळं जमेचंच.

महिनाभर एवढंच करा. माझ्या बहिणीचे मुरमांचे डाग एवढ्यावरच निम्मे उतरले.

५. आता घटक: कोण कुठे काम करतं

नायसिनामाइड हे ब३ जीवनसत्त्वाचं रूप. ते कारखान्याला हात लावत नाही, पुड्यांचं वाटप कमी करतं. ४-५ टक्के पुरे. उन्हानं, उष्णतेनं लवकर बिघडत नाही, कुणाशीही जुळवून घेतं, गोव्याच्या कपाटात टिकतं. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बाटलीवर १० टक्के लिहिलंय म्हणून ते दुप्पट काम करत नाही, काहींचा चेहरा मात्र लाल करतं.

ॲझेलाइक ॲसिड कारखान्यात काम करतं आणि मुरमांवरही चालतं, म्हणून मुरूम व डाग दोन्ही असणाऱ्यांना सोयीचं. १० टक्के क्रीम-जेल मिळतं, १५-२० टक्के डॉक्टर देतात. पहिले दोन आठवडे मुंग्या चावल्यासारखं होतं. गरोदरपणात चालणाऱ्या थोड्या पर्यायांत डॉक्टर याचं नाव घेतात. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

क जीवनसत्त्व, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, अर्धवट बनलेला रंग मागे फिरवतं आणि उन्हानं झालेलं नुकसानही थोडं सावरतं. सकाळी, सनस्क्रीनच्या खाली लावायचं. १० ते २० टक्के, आणि द्रव पुरेसा आम्लधर्मी, पीएच ३.५ च्या खाली असला तरच ते त्वचेत शिरतं. पण हा फार नाजूक माल. हवा, उजेड, उष्णता लागली की ऑक्सिडाइझ होतो. माझी पहिली बाटली खिडकीशी होती. मार्चमध्ये पाण्यासारखी पांढरी, मेच्या मध्याला कोऱ्या चहासारखी. तसा रंग आला की ती टाकून द्यायची, महाग होती म्हणून संपवत बसायचं नाही. गडद काचेची छोटी बाटली घ्या आणि फ्रिजच्या दारात ठेवा.

कोजिक ॲसिड जपानी स्वयंपाकातल्या कोजी बुरशीपासून मिळतं. ते टायरोसिनेजच्या पोटातलं तांबंच पकडून ठेवतं. सुंगटांचा दाखला मी उगाच दिला नव्हता: कोळंबी काळी पडू नये म्हणून हेच रसायन तपासलं आणि वापरलं गेलं आहे. हेक्सिलरिसॉर्सिनॉल हे त्या धंद्यातलं दुसरं नाव, तेही आता सीरमच्या बाटल्यांवर दिसतं. कोजिक १ टक्क्याच्या आसपास ठीक, त्यापुढे ॲलर्जीचा धोका वाढतो. कोजिकचा साबण मात्र मिनिटभरात धुतला जातो, त्यावर पैसे घालवू नका.

अल्फा आर्ब्युटिन म्हणजे हायड्रोक्विनोनला साखरेचा रेणू जोडलेला. २ टक्के असतं, सौम्य आणि संथ.

हायड्रोक्विनोन स्वतः वेगळ्या पंगतीतलं. वांगावर ते खरंच काम करतं, पण ते औषध आहे. २ ते ४ टक्के, ठरावीक महिने, मग विश्रांती, हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. वर्षानुवर्षं लावत राहिलं तर निळसर-काळे ठिपके उमटतात, त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात आणि तो डाग मूळच्यापेक्षा चिवट असतो. युरोपात २००१ पासून सामान्य सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड ओळखीचं वाटेल, पाळीत अति रक्तस्राव झाला की याच्याच गोळ्या देतात. वांगात ते मेलॅनोसाइटपर्यंत पोचणारे दाहाचे निरोप कमी करतं. सीरममध्ये २ ते ५ टक्के. वांगासाठी गोळ्याही देतात, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असल्यामुळे आधी चौकशी करून. घरात उरलेली गोळी त्यासाठी घेऊ नका.

राहिले झड वाढवणारे. ग्लायकोलिक ॲसिड उसाच्या कुळातलं, लॅक्टिक दह्याच्या. मेलेल्या पेशींमधला चिकटपणा सैल करतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, रात्री. ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं, पेशींचा प्रवासच वेगात करतात, पण गरोदर असाल किंवा तसा बेत असेल तर अजिबात नको. हे लावून दुसऱ्या दिवशी सनस्क्रीनशिवाय बाहेर पडलात तर पहिल्यापेक्षा वाईट स्थितीत परत याल.

६. एका वेळी एकच

नवं काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, रोज थोडं, तीन-चार दिवस. तिथे काही झालं नाही तर चेहऱ्यावर एक दिवसाआड. दोन आठवडे निभावलं की रोज. दुसरा घटक त्यानंतर महिन्यानं. चार सीरम एकदम सुरू केली आणि चेहरा पेटला तर दोष कुणाला द्यायचा? किंचित चुरचुर चालते. लाली, साल निघणं, पाणी लावलं तरी जळणं, हे झालं की सगळं थांबवून फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. आपल्या सावळ्या त्वचेत प्रत्येक दाहाची किंमत डागानं मोजावी लागते.

७. पाकीट मागून वाचा

पुढच्या बाजूचं सोडा. मागे घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते, १ टक्क्याच्या खालचे मात्र कंपनी हव्या त्या क्रमानं लिहू शकते. पुढे केशर-मोती आणि मागे ते सुगंधाच्याही नंतर, तर काय समजायचं ते समजा. उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत आणि उत्पादकाचा पत्ता हे चार नसतील तर ती डबी परत ठेवा.

८. जिथे पाय घसरतो

स्टेरॉइडची ट्यूब. माझी तीच होती. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी काहीही मागे लिहिलेलं असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबतं, रंग बनणं कमी करतं, म्हणून पंधरा दिवसांत जादू दिसते. पुढे कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, लव वाढते, आणि बंद केलं की सगळं उसळून येतं. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचं तिहेरी मिश्रण डॉक्टर देतात हे खरं, १९७५ सालच्या एका सूत्रापासून ते चालत आलं आहे. पण ते मोजक्या आठवड्यांसाठी. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मला ती चिठ्ठी कोणी मागितली नव्हती. महिनोन्महिने लावत असाल तर आज रात्री अचानक बंदही करू नका, ते कसं उतरवायचं हे डॉक्टर ठरवतील.

पारा. बाहेरगावाहून आलेल्या, लेबल नसलेल्या किंवा परक्या लिपीतल्या डब्यांत तो सापडतो. पारा टायरोसिनेज बंद पाडतो आणि शरीरात शिरून मूत्रपिंडांवर बसतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांचा माग काढत डॉक्टर अशाच क्रीमपर्यंत पोचले. भारतीय नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या, वर चालत नाही. लेबलवर तो क्वचितच लिहिलेला असतो. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना दिसली तर मात्र ओळखा.

लिंबू. वांग्याच्या फोडीवर लिंबू पिळलं की ती पांढरी राहते, म्हणून गालावरही पिळायचं हा तर्क मीही लढवला होता. लिंबाचा रस त्वचेला फार आंबट आहे, आणि तो लागलेल्या जागी ऊन पडलं की फोड येऊन तपकिरी ओघळ उमटू शकतात. ते महिने-महिने जात नाहीत.

ग्लुटाथिओनची सलाईन. लग्नसराईत ब्यूटी पार्लरमध्ये पॅकेज म्हणून विकतात. शिरेतून काय आणि किती जातंय याचा हिशेब पार्लरमध्ये कोणी ठेवत नाही. फिलिपिन्समध्ये, जिथे हे वेड खूप फोफावलं, तिथल्या औषध नियामकानंच त्याविरुद्ध इशारा दिला. लग्नाच्या आदल्या महिन्यात नवीन काहीच सुरू करू नका, साधं फेशियलसुद्धा.

९. डॉक्टरांकडे जाताना

बारा आठवडे नेटानं करून फरक नसेल, डाग पसरत असेल, किंवा आधी स्टेरॉइड लावलेलं असेल तर घरचे प्रयोग थांबवा. खासगी त्वचारोगतज्ज्ञ पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा सगळीकडे आहेत, आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोगाचा विभाग आहे. तिथे सकाळी लवकर जा. सोबत जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची नावं (गर्भनिरोधकसुद्धा), तुमची वही, फोटो, आणि ती ट्यूबांची पिशवी. त्या दिवशी चेहऱ्यावर पावडर-मेकअप नको. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा तसा विचार असेल तर विचारण्याची वाट न बघता आधी सांगा.

माझ्या पिशवीत सात ट्यूबा होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्या टेबलावर रांगेत मांडल्या, एकेक उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि चार बाजूला सरकवल्या. चार नावं, चार रंगांची खोकी, चार वेगळ्या किमती. "यांत औषध एकच आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही ते चारदा विकत घेतलंत." पुढच्या खेपेला वयनीही आली, तिची पिशवी घेऊन.